अंगी लागण्याचा हिशेब

मराठीत अन्न नुसते खाल्ले जात नाही. ते अंगी लागते किंवा लागत नाही. माहेरपणाला आलेल्या मुलीला महिन्याभरात आईच्या हातचे अंगी लागते. घरचे दूधदुभते खाऊन वाढलेला एखादा मुलगा मात्र काडीसारखाच राहतो. आमच्या नात्यातल्या एक आजी आपल्या वाढत्या वजनाबद्दल म्हणत, "मला मेलीला पाणीसुद्धा अंगी लागतं!" वैद्यांनी यालाच जठराग्नीचे मांद्य आणि तीक्ष्णता म्हटले. डॉक्टर आता चयापचय म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्यामागची समजूत एकच: सारखेच खाणाऱ्या दोघांची शरीरे ते सारखे वापरत नाहीत, एकाचे शरीर काटकसरी असते आणि दुसऱ्याचे उधळे.

ही समजूत कितपत खरी, हा आज वजन उतरवू पाहणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पण पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्यात तोच प्रश्न फार वेगळ्या कारणासाठी विचारला गेला. या देशात अर्धपोटी माणसे किती, याचे उत्तर त्यावर अवलंबून होते. वाद घालणारे दोघेही मराठी, दोघेही मुळात संख्याशास्त्रज्ञ. डॉ. पां. वा. सुखात्मे आणि प्रा. वि. म. दांडेकर. दोघांच्या संस्थाही एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मी हा वाद नंतर, ग्रंथालयातल्या बांधीव खंडांतून वाचला. वाचताना सारखे जाणवत राहिले की त्यातली आकडेमोड कळायला हवी असेल, तर आधी शरीराचा जमाखर्च मांडण्याची पद्धत कुठून आली ते पाहायला हवे.

हा हिशेब पहिल्यांदा नीट ठेवला तो सांक्टोरिओ या इटालियन वैद्याने. पादुआ विद्यापीठातला हा प्राध्यापक मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवायचा. खाल्ले-प्यायलेले किती, बाहेर टाकलेले किती आणि आपले वजन किती, याच्या नोंदी त्याने सुमारे तीस वर्षे केल्या. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या ग्रंथात ठळकपणे पुढे येते ती एक तूट. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड मलमूत्रात सापडत नाहीत आणि वजनातही दिसत नाहीत. त्याने या तुटीला 'न जाणवणारा घाम' म्हटले. स्पष्टीकरण अपुरे होते, पण शरीरातून काहीतरी सतत नकळत खर्च होत असते ही गोष्ट तराजूवर सिद्ध झाली होती.

ते काय, याचे उत्तर पॅरिसमध्ये लाव्हाझिएने दिले. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लासने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि दहा तासांत किती बर्फ वितळला ते मोजले. तो भरला तेरा औंस. प्राण्याने सोडलेला वायू आणि ही उष्णता यांचा मेळ घालून दोघांनी निष्कर्ष काढला की श्वसन म्हणजे मंद ज्वलन आहे. आपल्याकडच्या अग्नीच्या कल्पनेशी हे जुळते म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. फरक मोजमापाचा आहे. पुढे सेगँ या सहकाऱ्याच्या तोंडाला मुखवटा लावून लाव्हाझिएने माणसाचा प्राणवायू मोजला. उपाशी स्वस्थ बसल्यावर तो सर्वांत कमी लागतो, जेवणानंतर वाढतो, थंडीत वाढतो आणि वजन उचलताना कितीतरी पटींनी वाढतो.

याच प्रबंधात लाव्हाझिए एकदम प्रयोगशाळेबाहेर येतो. हवा सर्वांना फुकट मिळते, तेव्हा श्वसन हा केवळ हवेचा व्यवहार होता तोवर गरीब-श्रीमंत सारखेच होते, असे तो म्हणतो. पण श्वास घेणे म्हणजे स्वतःचे शरीर जाळणे असेल, तर हातांनी काम करणारा गरीब माणूस आळशी श्रीमंतापेक्षा अधिक जळतो. मग ज्याला अधिक हवे त्याच्याच ताटात कमी का? हे १७८९ साल होते. नवी राज्यव्यवस्था यावर काही उपाय काढील अशी त्याला आशा होती. त्या व्यवस्थेने मे १७९४ मध्ये त्यालाच गिलोटीनवर चढवले, कारण तो जुन्या राजवटीतला करवसुलीचा ठेकेदारही होता. चयापचयाच्या शास्त्राला गरिबीचा प्रश्न असा जन्मतःच चिकटलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाचे इथे थोडक्यातच उरकतो. जर्मनीत रुब्नर आणि अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी अन्नातल्या उष्मांकांचे कोष्टक पक्के केले. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनातून चार कॅलरी आणि चरबीतून नऊ, हे पाकिटावरचे आकडे त्यांच्याच परंपरेतले. मग खर्चाची बाजू आली. सकाळी, बारा तासांच्या उपवासानंतर, उबदार खोलीत जागे पण निश्चल पडून असताना शरीर जे जाळते तो मूलभूत चयापचय. बैठे काम करणाऱ्याच्या रोजच्या खर्चात यालाच सर्वांत मोठा वाटा जातो. १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून वजन, उंची आणि वय यांचे सूत्र बसवले. ते आजही रुग्णालयांत वापरले जाते.

सूत्र एकदा तयार झाले की त्यात न बसणारे लोक दिसू लागतात. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात एलेनॉर मेसन यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांचा चयापचय मोजला आणि बेनेडिक्टसह १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. तो अमेरिकी प्रमाणापेक्षा स्पष्टपणे कमी निघाला. मग हवामान, वंश आणि आहार अशी कारणे पुढे झाली. भारतीयांचे शरीर कमीतच भागवते, ही कल्पना तेव्हापासून शास्त्रीय वेश घालून हिंडू लागली. या कथेला पुढे एक गमतीदार वळण मिळाले. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेली सूत्रेही भारतीयांना जास्त आकडा देतात असे आढळले, तेव्हा मूळ नोंदी तपासण्यात आल्या. सात हजारांहून अधिक नोंदींपैकी ४७ टक्के एकट्या इटालियनांच्या होत्या आणि त्यांचा चयापचय इतरांहून चढा होता. म्हणजे 'सामान्य माणूस' म्हणून ज्याच्याशी आपली तुलना होत होती, तो निम्मा इटालियन होता!

आता पुण्याकडे वळू. जानेवारी १९७१ मध्ये गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा प्रबंध प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना परवडतो ते रेषेवर, बाकीचे खाली, अशी त्यांची कसोटी होती. १९६०-६१च्या किमतींनी ही रेषा खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये येत होती. त्यांच्या हिशेबाने ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते. दारिद्र्याला कॅलरीची मोजपट्टी मिळाली ती अशी. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० हे आकडे ठरवले.

सुखात्मे तेव्हा रोमहून परतले होते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचा हा माणूस लंडनला नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकला होता आणि दोन दशके जागतिक अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्याने सांभाळला होता. जगातली दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत या बॉइड ऑर यांच्या गाजलेल्या विधानाला त्यांनी १९६१ मध्येच आव्हान दिले होते. निव्वळ कॅलरींची उणीव असणारे दहा ते पंधरा टक्केच, असे त्यांचे गणित होते. भारताचा प्रश्न प्रथिनांच्या तुटीचा आहे हा त्या काळचा बोलबालाही त्यांनी खोडून काढला. धान्य पुरेसे मिळाले तर प्रथिने आपोआप मिळतात, हे त्यांचे म्हणणे पुढे सर्वमान्य झाले. थोडक्यात, हे कोणी हस्तिदंती मनोऱ्यातले गृहस्थ नव्हते.

दारिद्र्यरेषेवरचा त्यांचा पहिला आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. २२५० ही सरासरी गरज आहे. धडधाकट, खातेपिते लोक घेतले तरी त्यांतल्या निम्म्यांची गरज सरासरीहून कमीच असणार. चपलेचे सरासरी माप काढून त्याहून लहान पाय असलेल्या प्रत्येकाला खुरटलेला म्हणण्यासारखाच हा प्रकार झाला. रेषा ओढायची तर सरासरीच्या बरीच खाली ओढायला हवी.

इथवर ठीक. पण किती खाली? या प्रश्नावर सुखात्म्यांनी चयापचय आणला. ब्रिटिश सैनिकी जवानांच्या आहारनोंदींत त्यांना दिसले की एकाच माणसाचे खाणे दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बरेच हलते, तरी वजन हलत नाही. हा हेलकावा त्यांच्या मते निव्वळ योगायोग नव्हता. आजचे शिल्लक-तूट उद्यावर परिणाम करते, आणि शरीर स्वतःची कार्यक्षमता कमी-जास्त करून तोल सांभाळते. अन्न कमी आले की तेच अन्न अधिक अंगी लावते. कॅलिफोर्नियातले शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी हा सिद्धांत १९८२ मध्ये मांडला. एका माणसातले हे विचलन त्यांनी सरासरीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास धरले. त्याची दुप्पट वजा केली की सरासरीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत माणूस सुखरूप ठरतो. कोट्यवधी माणसे या एका वजाबाकीने अर्धपोटी लोकांच्या यादीतून बाहेर पडत होती.

दांडेकर आणि इतर टीकाकार तुटून पडले ते याच पायरीवर. तो जवान काही दिवस कमी खातो आणि काही दिवस जास्त. त्याची सरासरी भरलेलीच असते. आठवड्यातून एकदा खालच्या पायरीवर उतरणारा आणि जन्मभर त्याच पायरीवर बसलेला, या दोघांना सारखे कसे मानायचे? एकादशी करणाऱ्याचे वजन टिकते, म्हणून रोज एकादशी केली तर टिकेल असे थोडेच आहे! शिवाय मोजक्या तरुण, सुदृढ, विलायती जवानांवरून मराठवाड्यातल्या शेतमजुराविषयी बोलणे हेही अडचणीचे. सुखात्म्यांच्या बाजूनेही टी. एन. श्रीनिवासन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ होते. सुखात्म्यांनी संपादित केलेल्या आणि पुण्यातूनच १९८२ मध्ये निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी आणखी एक उडी घेतली. कमी अन्नावर वाढलेली माणसे 'लहान पण निरोगी' असतात, खुजेपणा हा आजार नसून जुळवून घेणे आहे, असे त्यांनी मांडले. हे मत गरिबांसाठीच का राखून ठेवले आहे, असा खरमरीत सवाल पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी केला.

वाचताना मला खटकते ते एवढेच की दोन्हीकडची तलवारबाजी बहुतांशी कागदावरची होती. शरीर किती काटकसर करते, हे प्रत्यक्ष मोजता येण्यासारखे होते, आणि काही अंशी मोजलेही गेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले आणि मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. पण या घसरणीचा मोठा भाग शरीरच कमी झाल्यामुळे होता. जितके मांस उरले त्याच्या मानाने खरी काटकसर सोळा टक्क्यांच्या आसपास निघाली. आणि तीही फुकट मिळाली नव्हती. ती माणसे भर उन्हाळ्यात कुडकुडत होती, जिना चढताना थांबत होती, स्वयंपाकाची पुस्तके उराशी धरून बसत होती. अग्नी मंदावतो हे खरे. पण ती धग कशाकशातून काढून घेतली जाते तेही इथे दिसले.

भारतात हे काम बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. हाडकुळ्या मजुरांचा मूलभूत चयापचय त्यांनी १९८०च्या दशकात मोजायला घेतला. एकूण आकडा अर्थातच कमी आला. सुरुवातीच्या निष्कर्षांत काटकसरीची खूणही दिसली. पण पुढे शरीराच्या घडणीचा हिशेब काटेकोरपणे केल्यावर ती जवळजवळ पुसली गेली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एक किलो मेंदू दिवसाला सुमारे २४० कॅलरी जाळतो, एक किलो यकृत २००, एक किलो स्नायू फक्त १३ आणि एक किलो चरबी चार-पाच. माणूस रोडावतो तेव्हा स्नायू आणि चरबी झिजते, मेंदू तेवढाच राहतो. त्यामुळे उपाशी मजुराचे शरीर किलोमागे मोजले तर उलट उधळे दिसते! कशाने भागायचे यावर माणूस काटकसरी ठरतो की उधळा, आणि भागाकाराची ही निवड वादात भल्याभल्यांना चकवत होती. तो मजूर कमी जाळत होता, कारण त्याच्याकडे जाळणारे शरीरच कमी होते. कार्यक्षमतेचे कोणतेही गुपित त्याच्याजवळ नव्हते.

आमच्या नात्यातल्या आजींचे काय, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. नेमक्या त्याच वर्षांत लठ्ठपणाच्या बाजूनेही हीच कथा घडत होती. मापन मात्र आता घरबसल्या होऊ लागले होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके असलेले पाणी माणसाला पाजायचे. जड ऑक्सिजन पाण्यातून आणि कार्बन डायऑक्साइडमधून, अशा दोन वाटांनी बाहेर पडतो, जड हायड्रोजन पाण्यातून एकाच वाटेने. दोन आठवड्यांतला दोघांच्या घटीतला फरक म्हणजे शरीराने किती जाळले याची पावती. उंदरांसाठी नेथन लिफ्सन यांनी शोधलेली ही युक्ती १९८२ पासून माणसांवर वापरात आली. तिने पहिल्याच झटक्यात दाखवले की लठ्ठ माणसे कमी नव्हे, अधिक जाळतात. मोठे घर तापवायला लाकूड जास्तच लागते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला, कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही म्हणणाऱ्या दहा जणांची अशीच तपासणी झाली. त्यांचा चयापचय अपेक्षेइतकाच होता. आपले खाणे मात्र ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते. लबाडी म्हणून नव्हे; आपण सगळेच तसे सांगतो. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, ही समजूतही २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात टिकली नाही. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सहा हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र केल्यावर असे दिसले की शरीराची घडण जमेस धरली तर विशी ते साठी तो जवळपास स्थिर असतो.

माणसामाणसांत फरक मुळीच नसतो असे नाही. सारख्या घडणीच्या दोघांत दिवसाला शे-दोनशे कॅलरींचा फरक निघू शकतो, कंठस्थ ग्रंथी बिघडली तर अधिकही. आजींच्या म्हणण्यात तेवढे तथ्य असेल. पण या फरकाच्या खुंटीला एका टोकाला लठ्ठपणा आणि दुसऱ्या टोकाला देशाची भूक टांगायला गेले की ती मोडते.

सुखात्मे ज्या संस्थेत बसून लिहीत होते, त्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला आता आघारकर संशोधन संस्था म्हणतात. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला, आणि त्यातल्या आहाराच्या भागावर आघारकरमधल्या शोभा राव यांनी काम केले. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांएवढी. वजनाने हडकुळी, घडणीने चरबीयुक्त. 'लहान पण निरोगी' या कल्पनेला हे उत्तर सांख्यिकीतून आलेले नव्हते, पाळण्यातून आले होते. कारण हीच घडण पुढे मधुमेहाकडे नेते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के.

त्या सहा खेड्यांतल्या आयांच्या आहाराचे विश्लेषण केल्यावर बाळाच्या आकाराचा संबंध कॅलरींशी फारसा लागला नाही. तो लागला हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. सुखात्मे उतारवयात पालेभाजी आणि स्वच्छ पाणी यांचा आग्रह धरीत, त्याला त्यांच्याच संस्थेतून हा दुजोरा मिळाला. त्याच नोंदींत दुसरीही गोष्ट निघाली, आणि तिथे मला लाव्हाझिए आठवतो. ज्या गर्भवती दिवसभर शेतात राबत होत्या आणि घरी येऊन पाणी भरत होत्या, त्यांची बाळे इतरांहून लहान होती.